रिकामा फेरा

माझा मेव्हणा अंकुश यानं मला फसवलं. मी त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. फसवणूक पैशाची असती तर मी ती वसूल करून मोकळा झालो असतो. कांद्याच्या धंद्यात माझं तेवढं नाव आहे. पण त्यानं मला पुण्याहून न्हावऱ्याला आणताना फसवलं, आणि त्यात माझे पाय गेले. पुढं ते परत आले, उजवा पूर्ण आणि डावा बराचसा. त्यामुळं त्याला वाटतं की प्रकरण मिटलं. मिटलेलं नाही.

ज्यांना मणक्याचा टीबी झालाय, किंवा ज्यांच्या घरात असं माणूस आडवं पडलंय, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. गोळ्या कोणत्या घ्यायच्या ते डॉक्टर सांगतील. पण त्या डॉक्टरपर्यंत जायचं कसं आणि तिथून घरी यायचं कसं, हे कुणी सांगत नाही. मला कुणी सांगितलं नाही. जे सांगितलं गेलं ते अर्धंच होतं.

मराठीत बोला

माझा बाप कवठे येमाईचा. जन्मभर मेंढरांमागं हिंडला. मी मेंढरं सोडली आणि न्हावऱ्याला येऊन कांद्यात पडलो. आधी हमाली केली, मग दुसऱ्याच्या मालाची दलाली, मग स्वतःची खरेदी. शेतावर उभं राहून भाव करायचा, समोरचा किती अडलेला आहे ते त्याच्या बोलण्यावरून ओळखायचं, हे मला कुणी शिकवलं नाही. माझा आवाज मोठा आहे आणि राग त्याहून मोठा. त्याबद्दल मला कधी वाईट वाटलं नाही. मऊ माणसाला या धंद्यात कुणी जगू देत नाही.

पाठ दुखायला लागली तेव्हा मी पोत्यांना दोष दिला. तेल लावून घेतलं, शेक घेतला, केंदूरच्या एकाकडून चोळूनही घेतलं. तो गुडघा टेकवून माझ्या पाठीवर बसला होता. आज आठवलं तरी त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. संध्याकाळी अंगात कणकण यायची. पँट ढिली झाली. बायको, सुमन, म्हणायची, "आवं, दौंडला दाखवून या." मी म्हणायचो, हंगाम उरकू दे.

हंगाम उरकायच्या आत मला बुटाची नाडी बांधता येईना.

दौंडच्या डॉक्टरनं एक्स-रे खिडकीकडं धरला आणि हाताखालच्या पोराशी इंग्रजीत बोलायला लागला. मी टेबलावर थाप मारली.

"मराठीत बोला. पाठ माझी हाय."

डॉक्टर तरुण होते, पण घाबरले नाहीत. म्हणाले, "टीबी आहे. छातीचा नाही, मणक्याचा. दीड वर्ष गोळ्या घ्याव्या लागतील."

"सहा महिन्यांत बसवा."

"अहो शेठ, हे काय कांद्याचं वक्कल आहे का, घासाघीस करायला?"

सुमन माझ्या मागं उभी होती. ती हसली, आणि लगेच रडायला लागली. त्या दिवसाचं माझ्या लक्षात राहिलं ते एवढंच. बाकी दवाखान्यातून बाहेर कसा आलो, घरी कशानं गेलो, काही आठवत नाही.

दौंडच्या डॉक्टरनं पुण्याला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरनं मशीनमधून काढलेले फोटो बघितले आणि सांगितलं की एक मणका आतून पोखरला गेलाय. गोळ्यांनी भरून येईल. तोवर पाठीला पट्टा, फळीवर झोपणं, आणि धक्का बसू द्यायचा नाही. एकसुद्धा नाही. मणका खचला आणि मागच्या नसेवर दाब आला तर पाय जातील.

मी विचारलं, "मग तपासायला न्हावऱ्याहून यायचं कसं?"

त्यांचं लक्ष पुढच्या पेशंटच्या फोटोकडं गेलं होतं. म्हणाले, "आरामात या."

कप वेगळा

घरी आल्यावर कळलं की माझ्याआधी बातमी पोचली होती. टीबी म्हटलं की लोकांना छातीचा टीबी माहीत; पाठीचा कुणी ऐकलेला नाही. ज्यांनी माझ्या ओट्यावर बसून वर्षानुवर्षं चहा ढोसला ते रस्त्यावरून हाक मारून विचारायचे, "कसं काय शेठ, बरं हाय ना?" आणि उत्तर ऐकायच्या आत पुढं जायचे. शेजारच्या बाईनं आमच्याकडून नेलेली परात राखेनं घासून, उन्हात वाळवून परत दिली. माझ्या आईनं ती परात तिच्या अंगणात नेऊन आपटली. राग मला आईकडून मिळालाय.

दिवसभर छताकडं बघत पडायचं. शौच, लघवी सगळं पडल्या जागी. सुमन करायची आणि मी तिच्यावर ओरडायचो. दुसरं कुणी हाताशी नव्हतं. खरेदी बंद पडली. ज्या माणसाला भाव शिकवला तोच माझी गिऱ्हाइकं ओढायला लागला. हे सगळं सोसवलं. न सोसण्यासारखं एकच होतं: पायाचा अंगठा हलवून बघणं. झोपायच्या आधी आणि उठल्यावर मी दोन्ही अंगठे हलवून बघायचो. हलला की दिवस माझा.

अटी

तपासणीची वेळ आली. एसटीत बसून जाणं शक्य नव्हतं. माझ्याकडं फटफटी होती, ती काय कामाची? तेव्हा गावात मोबाईल नव्हते, फोन करायचा तर एसटीडी बूथवर जावं लागायचं. सुमननं तिथून शिरूरला तिच्या भावाला फोन केला.

अंकुशची जीप शिरूर-चौफुला रस्त्यावर वडाप करायची. आत बसलेल्यांपेक्षा बाहेर लोंबकळलेले जास्त. हंगामात तिच्यात कांदाही भरायचा, म्हणून त्यानं मागच्या चाकांवर जादा पाटे टाकून घेतले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: पाटे म्हणजे चाकावरच्या लोखंडी पट्ट्या, ज्यांच्यावर गाडीचं वजन झुलतं. जादा पाटे टाकले की गाडी जादा माल उचलते. आणि मोकळी असली की घोड्यासारखी उधळते.

तो आला तसा मी पडल्या पडल्या अटी घातल्या. जाता-येता एकही पॅसेंजर घ्यायचा नाही. टेप लावायचा नाही. चौफुल्यापर्यंत बैलगाडीच्या चालीनं चालवायची.

"दाजी, तुम्ही फकस्त आडवं व्हा. बाकीचं माझ्यावर सोडा."

"जीप गचके देती तुझी."

"न्हाई देणार. गाडी दबून आणतो."

"म्हंजी?"

"मागं वजन टाकतो ना. वजन असलं की गाडी दबून चालती, पाण्यावर होडी चालल्यावानी. पोटातलं पाणी हलणार न्हाई तुमच्या."

हे शब्द नीट वाचा. हे त्याचे शब्द आहेत, माझे नाहीत. वजन असलं की गाडी मऊ चालते आणि नसलं की आदळते, हे त्याला माहीत होतं. मला माहीत होतं त्याहून जास्त माहीत होतं, कारण गाडी त्याची.

एरवी तो भाड्यावरून माझ्याशी तासभर भांडतो. त्या दिवशी सगळ्या अटींना लगेच हो म्हणाला. समोरचा इतक्या लवकर हो म्हणाला की मी नेहमी सावध होतो. पण पाठीवर पडलेल्या माणसाला कुणीतरी हो म्हटलेलं बरं वाटतं.

चांगल्या मालाचं वजन

निघायच्या दिवशी चौघांनी मला फळीसकट उचलून जीपमध्ये घातलं. फळीखाली कांद्याच्या गोण्या, ओळीनं मांडलेल्या, त्यांवर घोंगडं, त्यावर फळी, फळीवर गोधडी. मी नुसत्या वासावरून सांगितलं, "अंकुश, हा निवडलेला माल हाय."

"व्हय."

"वजनाला निवडलेला माल कशाला? चिंगळी टाकायची, सडका टाकायचा, न्हाईतर दगडं टाकायची."

"चांगल्या मालाचं वजन चांगलं असतं, दाजी."

सुमन हसली. मीपण हसलो. मला कळलं होतं की तो माझ्याबरोबर आपला कांदाही पुण्याला नेतोय. नेऊ दे म्हटलं. मी असतो तर मीपण नेला असता. वाटेत एका नाक्यावर पोलिसानं हात केला, तर अंकुश खिडकीतून डोकं काढून रडक्या आवाजात म्हणाला, "पेशंट हाय सायेब, लई सिरीयस." पोलीस बाजूला झाला. मी पडल्या पडल्या शिव्या घातल्या, पण हळू.

कारण गाडी खरंच मऊ चालत होती. भीमेचा पूल आला कधी आणि मागं पडला कधी, कळलं नाही. सुमननं गुडघ्यांखाली उशी दिली होती, मानेच्या दोन्ही बाजूंना साड्यांच्या घड्या लावल्या होत्या. चौफुला, यवत, उरुळी, सगळं खालून पाण्यासारखं सरकत गेलं. आजार लागल्यापासून तितका आराम मला कुठं मिळाला नव्हता. एकदा तर झोप लागली.

तुमच्या घरी असा माणूस असेल तर हे करा. मऊ गादी नको, फळी हवी. फळी मागच्या चाकाच्या वर नको, जमेल तितकी पुढं हवी. गुडघ्यांखाली उशी हवी. उन्हं तापायच्या आत निघा. आणि गाडीत वजन असू द्या. कुणीही असलं काही लिहून देणार नाही, म्हणून मी लिहितो.

डॉक्टरनं नवे फोटो बघितले. त्या दिवशी ते माझ्याकडं बघून बोलले. म्हणाले, "भरून येतंय. असंच राहिलं तर पुढच्या वेळी पट्टा लावून बसून या."

बसून या. मी सुमनकडं बघितलं. तिनं पदर तोंडाला लावला होता.

उतारा

आम्ही बाहेर झाडाखाली थांबलो. मी फळीसकट स्ट्रेचरवर, सुमन शेजारी. अंकुश गाडी घेऊन गेला होता, "डिझेल टाकून येतो" म्हणून. आला तेव्हा दुपार उलटली होती. मागचा फाळका उघडला तर आत कांद्याची पत्ती उडत होती आणि एक घोंगडं पडलं होतं.

"गोण्या कुठायत?"

"बाजारात टाकल्या, दाजी. त्यांचं काम झालं."

"काम झालं? अजून घरी कोण जायचंय, तुझा बाप?"

माझा आवाज वर गेला तसा दवाखान्याचा वॉचमन आला आणि म्हणाला, भांडण करायचं तर गाडी बाहेर घ्या. अंकुश म्हणाला, "दाजी, गाडी रिकामी हाय, झटक्यात जाऊ. संध्याकाळचं वडाप गाठायचंय मला." सुमन त्याला म्हणाली, "आरं, हळू आण." तो म्हणाला, "आणतो की गं आक्का, माझं काय दुश्मन हायेत का त्ये?"

मी त्या गाडीत चढायला नको होतं, असं लोक मला सांगतात. मी चढलो नाही. मला चढवलं. फळीवर बांधलेला माणूस गाडी नाकारू शकत नाही.

हडपसर सुटलं आणि जीप नाचायला लागली. सकाळी जे खड्डे मला कळलेही नव्हते ते आता एकेक करून मणक्यात शिरत होते. मी ओरडत होतो, "हळू!" तो पुढून ओरडत होता, "हळूच हाय, दाजी!" फळी उडायची आणि आदळायची. शेवटी सुमन माझ्या पायांवर आडवी पडली, तिचं सगळं अंग टाकून. तेवढ्यानं थोडं बरं झालं. चौफुल्याला त्यानं चहासाठी गाडी थांबवली. मी चहा घेतला नाही.

चौफुल्यापासून न्हावऱ्याकडं येणारा रस्ता तेव्हा उसाच्या ट्रॉल्यांनी उकरून ठेवलेला होता. भीमा ओलांडली. पुढं एका वस्तीजवळ कुणीतरी मुरुमाचा गतिरोधक घातला होता, ना पट्टा ना पाटी. जीप त्यावरून उडाली. मी फळीसकट वर गेलो आणि फळीसकट खाली आलो. पाठीत ओली फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. तो आवाज मी कानानं ऐकला नाही, दातांनी ऐकला. मग कमरेखाली कोमट पाणी पसरल्यासारखं वाटलं. मग ते पाणीही गेलं.

थोड्या वेळानं मी म्हणालो, "सुमन, पायांवरून ऊठ आता. जड होतंय."

तिचा आवाज माझ्या डोक्याजवळून आला.

"मी कवाच उठलेय, आवं."

गाडी थांबली. अंकुश मागं आला, माझ्या पायाला चिमटा काढला. मला तो दिसला, कळला नाही. म्हणाला, "मुंग्या आल्या असतील, दाजी. घरी जाऊन चोळू."

घरी आईनं माझे पाय बघितले आणि त्याच्याकडं वळली. "मेल्या, आम्ही कोकरू आणलं तरी घोंगड्यात गुंडाळून पोटाशी धरून आणायचो." तो वडापला गेला.

पॅसेंजर

परत पुण्याला न्यायचं तर जीपचं नाव काढायची माझी तयारी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला केडगावला निघाला होता. त्यानं दुधानं भरलेल्या कॅनच्या मधे माझी फळी ठेवली आणि पायी चालल्यासारखा टेम्पो चालवला. केडगावहून दौंड-पुणे पॅसेंजर धरली. डब्यात शिरायला जागा नव्हती. पण फळी दारात आली तशी दोन बाकांवरची माणसं उठली. रोज नोकरीला जाणारी माणसं, हातात डबे. कुणी काही विचारलं नाही. एकानं आपली पिशवी माझ्या मानेखाली सरकवली. पुण्यापर्यंत सगळे उभे राहून आले. मी आयुष्यात फुकट काही घेतलेलं नाही आणि कुणाला दिलेलं नाही. त्या माणसांचं काय करायचं ते मला आजही कळत नाही.

दौंड भागातल्या पेशंटना माझं सांगणं आहे, रूळ जवळ असतील तर रूळ धरा. रुळावर खड्डे नसतात.

ऑपरेशन झालं. त्याबद्दल मला सांगता येण्यासारखं काही नाही, मी झोपलेला होतो. त्यानंतरचं सांगता येतं. पहाटे सिस्टर यायची, अंग पुसायची, मग दोघं वॉर्डबॉय मला ओंडक्यासारखं एका कुशीवर करायचे. डॉक्टरांचा राउंड म्हणजे सहा-सात माणसं येऊन पायाच्या तळव्याला चावी घासून बघणार आणि एकमेकांच्या तोंडाकडं बघणार. माझ्या तोंडाकडं कुणी बघायचं नाही. लघवीच्या पिशवीकडं सगळे बघायचे. पाठीवर जखमा झाल्या. सुमन कॉटखाली झोपायची आणि नळावर माझे कपडे धुताना इतर बायकांशी भांडायची. ती माझ्याकडून शिकली.

शेजारच्या कॉटवर दौंडचे साळुंखे काका होते, रेल्वेतून रिटायर झालेले, खुबा मोडलेला. त्यांना माझी सगळी हकिकत कळली होती, कारण मी सगळ्या वॉर्डला ती ओरडून सांगितली होती.

"शेठ," ते म्हणायचे, "मेव्हण्याच्या गाडीत बसताना तिकीट काढायचं असतं. तिकीट असलं की तक्रार करता येते."

"काका, तुमचा खुबा कुणी मोडला?"

"बाथरूमनं. तिच्यावर कुठं केस करू?"

एका दुपारी मी शिवी हासडली आणि डाव्या पायाकडं हात नेला. काका म्हणाले, "आता काय झालं?"

"डास चावला, साल्याला!"

सुमन कॉटखालून बाहेर आली. तिनं माझा डावा पाय दोन्ही हातांनी धरला, बोटाजवळ लाल ठिपका होता तो बघितला आणि विचारलं, "हितं?"

"हितंच."

साळुंखे काका टाळ्या वाजवायला लागले, झोपल्या झोपल्या. समोरच्या कॉटवरचा एक बिहारी गवंडी होता, त्याला काही कळलं नव्हतं, तोही टाळ्या वाजवायला लागला. "मच्छर को मत मारना, शेठजी," तो म्हणाला. मी आजवर अनेक माणसांना माफ केलेलं नाही, पण त्या डासाला सोडून दिलं.

माझा फेरा

अंकुश दवाखान्यात आला तो शहाळी घेऊन. तीन आठवडे उलटून गेले होते. कॉटशी उभा राहिला, बसला नाही.

मी एकच विचारलं. "तुला माहीत होतं ना, मोकळी गाडी आदळती म्हणून?"

तो म्हणाला, "दाजी, माल टाकायला तर पायजेच हुता. आन् येताना तर रिकामा फेरा असतो. रिकामा फेरा गाडीवाल्याचा. तुम्हीच शिकवलंय सगळ्यांना."

आता हे बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्या कांद्याच्या धंद्यात भाडं ठरतं ते माल जातो त्या वाटेचं. माल उतरला की गाडीची परतीची वाट गाडीवाल्याची. त्यात त्यानं पॅसेंजर घ्यावे, सिमेंट घ्यावं, नाहीतर मोकळा यावं. व्यापाऱ्यानं तोंड घालायचं नाही. हा रिवाज मी पाळला आणि इतरांकडून पाळून घेतला, खरं आहे. आणि त्या रिवाजात मी बसत नाही. मी गाडीत होतो. फळीवर बांधलेला होतो. माझी बायको माझ्या पायांवर पडलेली होती. ती गाडी रिकामी कशी?

मी ओरडलो तशी सिस्टर धावत आली. अंकुशनं दुसरं कारण काढलं. "तुम्हीच म्हणला हुता, येताना पॅसेंजर घ्यायचा न्हाई. घेतले असते तर वजन झालं असतं."

"पॅसेंजर नको म्हणलो. वजन नको म्हणलो का?"

तो बहिणीकडं बघायला लागला, जशी काही ती माझ्यापासून त्याला सोडवणार होती. सुमन शहाळं फोडत होती. हातातलं तसंच ठेवून म्हणाली, "अंकुश, तू मला एकदा सांगायचंस. मी त्या दवाखान्याच्या दारातली दगडं येचून गाडीत भरली असती."

तो निघून गेला. शहाळी तशीच राहिली. काकांनी पिऊन टाकली.

त्या दिवसापासून माझ्या घरात भिंत उभी आहे. सुमन म्हणते, "त्यानं मुद्दाम केलं न्हाई." मीही म्हणतो, मुद्दाम केलं नाही. माहीत असून केलं. ती म्हणते, त्यात फरक काय? फरक असा की मुद्दाम करणाऱ्याला निदान तुमची आठवण असते. अंकुशला गोण्या उतरल्यावर मी गाडीत आहे याची आठवणच नव्हती. भाऊबीजेला ती एकटी शिरूरला जाते. परत येते ती दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. मी विचारत नाही. त्यानं माझी पाठ मोडली तसं आमचं बोलणंही मोडलं, आणि याचा कुठल्या फोटोत डाग येत नाही.

आज मी चालतो. डावा पाय ओढतो, त्यातली चप्पल निसटते म्हणून पट्ट्याची सँडल घालतो. गोळ्या पूर्ण घेतल्या. वाचणाऱ्यांनी पूर्ण घ्याव्यात, बरं वाटलं म्हणून सोडू नयेत. धंदा परत उभा केला. एवढ्यावर मी गप्प बसलो असतो.

पण अंकुशनं वडाप सोडलं. त्यानं बंद बॉडीची गाडी घेतली, तिला पांढरा रंग दिला आणि दोन्ही बाजूंना लाल अक्षरांत लिहून घेतलं: "आरामदायी रुग्णसेवा". आता तो न्हावरे, केंदूर, कवठे इथले पेशंट पुण्याला नेतो. लोक त्याचं नाव घेतात. रात्री-अपरात्री येतो म्हणतात. गेल्या महिन्यात आमच्याच आळीतली एक म्हातारी मांडी मोडली म्हणून त्याच्या गाडीतून जाऊन आली. मी काठी टेकत तिच्याकडं गेलो आणि विचारलं, "मावशे, प्रवास कसा झाला?"

"जाताना लई आरामात गेले बाबा. पोटातलं पाणी हललं न्हाई. येताना मातुर हाडं खिळखिळी झाली."

"जाताना खाली काय हुतं?"

"कशाच्या तरी गोण्या हुत्या. वजनाला हायेत म्हनला."

म्हणून हे लिहिलं. अंकुश, हे तुझ्यापर्यंत पोचेल; तुझी बहीणच आणून देईल. तू माझ्याकडं येऊ नकोस, मला शहाळी नकोत. न्हावऱ्याच्या स्टँडवर, जिथं तुझी गाडी पेशंटची वाट बघत उभी असते, तिथं लोकांच्या देखत गाडीचं मागचं दार उघड. पुण्याहून परत आणलेल्या प्रत्येक माणसाच्या खाली तू काय ठेवलं होतंस ते त्यांच्या घरच्यांना सांग. काहीच ठेवलं नव्हतं असं असेल, तर माहीत असून का ठेवलं नाहीस, तेही तिथंच सांग. मला उत्तर द्यायचं तू टाळलंस. त्या म्हातारीला दे.